ढगाचा पत्ता : साठवणीच्या सत्तर वर्षांची गोष्ट



सुरुवातीला एक छोटं काम करूया. आपापला फोन काढा आणि त्यातला सगळ्यात जुना फोटो शोधा. बहुतेकांना आठ-दहा वर्षांपूर्वीचा एखादा सापडेल. आता गंमत बघा, मधल्या काळात फोन तर दोन-तीनदा बदलला. मग हा फोटो आला कुठून? ‘क्लाउडवरून’, असं उत्तर लगेच येतं. आणि क्लाउड म्हणजे नेमकं कुठे? इथे मात्र आपण सगळेच नकळत वर, छताकडे हात करतो.

आजच्या व्याख्यानात आपल्याला तो हात खाली, जमिनीकडे आणायचा आहे. क्लाउड हे नाव मुळात चित्रातून आलं. टेलिफोनचे आणि नेटवर्कचे इंजिनिअर आराखडा काढायचे, तेव्हा जो भाग आपल्या हातात नाही, ज्याच्या आत काय चालतं याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, तिथे ते सरळ एक ढग काढून मोकळे व्हायचे. म्हणजे ढगाचा अर्थ होता ‘इथलं तपशिलात विचारू नका’. आम्ही आज नेमकं तेच विचारणार आहोत. त्या ढगाच्या आत कोणतं यंत्र आहे, ते कुठे उभं आहे आणि मुख्य म्हणजे त्यात ठेवलेली वस्तू टिकते कशी?

टिकण्याच्या प्रश्नाला माणसाने पूर्वीपासून दोन उत्तरं दिली आहेत. एक, पेटी मजबूत करा. दोन, प्रती वाढवा आणि लांब लांब ठेवा. संगणकाच्या साठवणीचा सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे पहिल्या उत्तराकडून दुसऱ्या उत्तराकडे झालेला प्रवास, असं आमचं म्हणणं आहे. आणि हा प्रवास अजून पुरता झालेला नाही. त्याची किंमत लोक आजही मोजतात, तेही शेवटी पाहू.

पन्नास तबकड्या, एक टन वजन

साल १९५६. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेने रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली एक यंत्र तयार केलं. नाव रॅमॅक. त्यातली साठवणीची पेटी एखाद्या मोठ्या कपाटाएवढी होती. आत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर बसवलेल्या, मिनिटाला १,२०० फेऱ्या मारणाऱ्या. वजन सुमारे एक टन. आणि मावायचं किती? ५० लाख अक्षरं. आपण मघाशी शोधला तसा एक फोटो त्यात कसाबसा बसेल.

हसू नका, कारण त्या काळात ही क्रांती होती. त्याआधी माहिती असायची पंचकार्डांवर नाहीतर चुंबकीय टेपवर. टेपवरची नोंद हवी असेल तर टेप गुंडाळत त्या जागेपर्यंत जावं लागायचं. रॅमॅकमध्ये एक हात तबकड्यांच्या चळतीवर वरखाली फिरायचा, हव्या त्या तबकडीपाशी थांबायचा, आत शिरायचा आणि सेकंदाभरात नोंद काढून द्यायचा. दुकानदाराला गिऱ्हाइकाचं खातं त्याच्या समोर उघडून बघता येणं, ही गोष्ट इथून सुरू झाली.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवूया. पहिली, हे यंत्र बहुतेक ग्राहक विकत घेत नसत. महिन्याला सुमारे ३,२०० डॉलर भाडं देऊन ते वापरलं जायचं. म्हणजे साठवण भाड्याने घेण्याची कल्पना आजकालची नाही. १९६१ साली जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीच्या शताब्दी समारंभात बोलताना सांगितलं होतं की एक दिवस संगणकाची शक्ती टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा म्हणून मिळू शकेल. दुसरी गोष्ट, पेटी एकच होती. तिच्यात बिघाड झाला की सगळं थांबलं. त्यामुळे पुढची तीस वर्षं सगळं डोकं खर्च झालं ते ती एक पेटी अधिक मोठी आणि अधिक भरवशाची करण्यात. १९७३ साली आयबीएमनेच तबकड्या आणि वाचणारी टोकं एका बंद डबीत घातली, म्हणजे धूळ आत जायला नको. ‘विंचेस्टर’ या नावाने ओळखली जाणारी ही रचना आजच्या हार्ड डिस्कची आजी म्हणता येईल.

तिकडे आयबीएममध्ये रॅमॅकवर काम केलेले अ‍ॅलन शुगार्ट बाहेर पडले होते आणि पुढे त्यांनी काही सहकाऱ्यांसोबत सीगेट ही कंपनी काढली. १९८० साली त्यांनी सव्वापाच इंची छोटी डिस्क आणली. क्षमता पाच मेगाबाइट, किंमत सुमारे १,५०० डॉलर. एक टनाचं कपाट चोवीस वर्षांत टेबलावर येऊन बसलं. घरगुती संगणकांसाठी अशा डिस्का लाखोंनी बनू लागल्या आणि स्वस्त झाल्या. पण बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. स्वस्त म्हणजे कच्चं, हे त्यांचं साधं गणित होतं. आणि ते चुकीचंही नव्हतं.

शंभर कच्च्या डिस्कांचं गणित

१९८८ साली बर्कलीच्या तीन संशोधकांनी एक निबंध मांडला. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ. त्यांचा प्रश्न सोपा होता. आयबीएमची साडेसात हजार मेगाबाइटची एक महागडी डिस्क घेण्याऐवजी, शंभर शंभर मेगाबाइटच्या पाऊणशे-शंभर छोट्या डिस्का एकत्र जोडल्या तर?

वेग वाढेल, कारण शंभर हात एकाच वेळी काम करतील. जागा आणि वीज कमी लागेल. पण मग भरवशाचं काय? हे गणित त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास चालते, म्हणजे तीन-साडेतीन वर्षं. शंभर डिस्का एकत्र ठेवल्या की त्यातली पहिली सरासरी ३०० तासांत बंद पडणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत! ज्या बँकेचं खातं दर पंधरवड्याला नाहीसं होईल, त्या बँकेत कोण जाईल?

इथे त्यांनी जे सुचवलं ते समजायला एक उदाहरण घेऊ. समजा चार दुकानांच्या चार वह्या आहेत. आजची जमा अनुक्रमे ७, ४, ९ आणि २ रुपये. आपण पाचवी एक वही ठेवली आणि तिच्यात फक्त बेरीज लिहिली, २२. आता तिसरी वही जळाली. काय करायचं? २२ मधून उरलेल्या तीन वह्यांचे १३ वजा करा, ९ परत मिळाले. पाचपैकी कोणतीही एक वही गेली, तरी उरलेल्या चारांवरून ती जशीच्या तशी लिहून काढता येते. डिस्कमध्ये बेरजेऐवजी शून्य-एकाचं याहून सोपं गणित चालतं, पण तत्त्व हेच. एक डिस्क मेली की नवी बसवायची आणि तिच्यावरचा मजकूर बाकीच्यांकडून पुन्हा लिहून घ्यायचा. या पद्धतीचं नाव रेड. रोमन लिपीतल्या चार आद्याक्षरांचं हे नाव, त्यात ‘स्वस्त डिस्कांचा जादा राखीव असलेला संच’ असा अर्थ होता. पुढे विकणाऱ्यांना ‘स्वस्त’ हा शब्द खटकला आणि त्या अक्षराचा अर्थ ‘स्वतंत्र’ असा लावला जाऊ लागला.

आमच्या मते हा निबंध म्हणजे या इतिहासातलं वळण आहे. कारण इथे पहिल्यांदा उघडपणे मान्य केलं गेलं की वस्तू मोडणारच. ती मोडू नये म्हणून पैसे ओतण्यापेक्षा, मोडल्यावर काय, याची तरतूद करा. आपल्या खेडेगावातल्या घरात विहिरीचा दोर तुटणार हे गृहीत धरून दुसरा दोर खुंटीला टांगलेला असायचा, त्यातला हा शहाणपणा.

पण रेडच्या सगळ्या डिस्का अजून एकाच पेटीत होत्या. पेटीचा वीजपुरवठा जळाला, छतातून पाणी गळलं, तर वह्याही गेल्या आणि बेरजेची वहीही गेली.

कॉर्कवर मांडलेले संगणक

आता नव्वदच्या दशकाच्या शेवटी येऊ. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन विद्यार्थी संपूर्ण वेब उतरवून घेण्याच्या मागे होते. त्यासाठी त्यांनी चार चार गिगाबाइटच्या दहा डिस्का जमवल्या आणि त्या ठेवायला मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत प्लास्टिक विटांचा डबा बनवला. तो डबा आजही स्टॅनफर्डमध्ये जपून ठेवलेला आहे. १९९९ मध्ये, गूगल कंपनी झाल्यावर, त्यांनी जे सर्व्हर बनवले तेही बघण्यासारखे होते. एका ट्रेमध्ये चार उघडे मदरबोर्ड, खाली धातूला चिकटून शॉर्ट होऊ नये म्हणून कॉर्कचा थर, वर डिस्का ठेवलेल्या, वायरी लोंबकळणाऱ्या. त्यांची कपाटं, ज्याला आपण रॅक म्हणतो, ती ओळीने उभी. माउंटन व्ह्यूच्या संगणक इतिहास संग्रहालयात असा एक रॅक ठेवला आहे. मोठ्या कंपनीचं यंत्र म्हणून कोणाला तो दाखवला तर विश्वास बसणार नाही.

हे गरिबीतून आलं हे खरं, पण पैसे आल्यावरही ती पद्धत त्यांनी सोडली नाही. हजारो स्वस्त संगणक घ्यायचे, त्यांतले रोज काही मरणार हे धरूनच चालायचं, आणि सांभाळण्याचं काम यंत्राकडून काढून सॉफ्टवेअरकडे द्यायचं. २००३ साली संजय घेमावत, हॉवर्ड गोबिऑफ आणि शुन-ताक लिअंग यांनी गूगल फाइल सिस्टिमवर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा जगाला ही पद्धत कळली.

ती अशी. मोठी फाइल ६४ मेगाबाइटच्या तुकड्यांत कापायची. प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या संगणकांवर ठेवायच्या, आणि त्याही सगळ्या एकाच रॅकमध्ये नकोत. का? कारण रॅकला वीज एकत्र येते, नेटवर्कची तारही एकत्र येते. रॅक गेला की त्यातले सगळे एकदम जातात. एक मुख्य संगणक कोणता तुकडा कुठे आहे याची नोंदवही ठेवतो आणि बाकीच्यांची ठरावीक वेळाने हजेरी घेतो. हजेरीला एखादा आला नाही, की त्याच्याकडच्या तुकड्यांची तिसरी प्रत दुसरीकडे करायला घेतो. रात्री तीन वाजता कोणी इंजिनिअर धावत येत नाही. तो सकाळी चहा पिऊन येतो आणि मेलेल्या डिस्का बदलतो.

किती डिस्का मरतात? २००७ साली यावर दोन अभ्यास एकाच परिषदेत मांडले गेले, दोन्ही लाखाच्या आसपास डिस्कांवरचे. एक गूगलचा, दुसरा कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. हो, तेच रेडवाले गिब्सन. कारखाने सांगायचे की डिस्क सरासरी दहा लाख तास चालते. त्या हिशोबाने वर्षाला शंभरात एकही बदलावी लागू नये. प्रत्यक्षात शंभरात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तेरापर्यंत. दोन टक्के धरा. लाख डिस्कांमागे वर्षाला दोन हजार, म्हणजे दिवसाला पाच-सहा. ज्या इमारतीत आपला फोटो आहे, तिथे आजही, आपण इथे बोलत असताना, एखादी डिस्क मरत असेल. आपल्याला पत्ता लागत नाही, हेच त्या व्यवस्थेचं यश.

तीन प्रती म्हणजे तिप्पट खर्च. म्हणून पुढे मघाचं वह्यांचं गणित मोठ्या रूपात परत आलं. १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोघांनी एक गणिती रीत शोधली होती, सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं ते तिच्यामुळेच. फेसबुकने २०१४ मध्ये जुन्या फोटोंसाठी ती वापरून दाखवली. मजकुराचे दहा भाग, जोडीला हिशोबाचे चार भाग. चौदापैकी कोणतेही चार गेले तरी फोटो शाबूत, आणि जागा लागते तिप्पट नाही, तर १.४ पट.

गाळा भाड्याने देणे आहे

हे सगळं कौशल्य आतापर्यंत मोठ्या कंपन्यांच्या घरातलं होतं. १४ मार्च २००६ रोजी अ‍ॅमेझॉनने ते बाजारात मांडलं. सेवेचं नाव एस-थ्री. एक गिगाबाइट ठेवायला महिन्याला १५ सेंट. डिस्क कोणती, रॅक कुठला, प्रती किती, काही विचारायचं नाही. वापराल तेवढं भाडं द्या. रॅमॅकच्या भाड्याची गोष्ट आठवा. पन्नास वर्षांनी आपण फिरून भाड्यापाशी आलो, फरक एवढाच की तेव्हा यंत्र आपल्या ऑफिसात यायचं आणि आता आपला मजकूर यंत्राकडे जातो.

अ‍ॅमेझॉन सांगते की त्यांची रचना टिकण्याच्या बाबतीत अकरा नऊंची आहे, ९९.९९९९९९९९९ टक्के. त्यांच्याच भाषेत, एक कोटी वस्तू ठेवल्यात तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल. आकडा ऐकून छाती दडपते. पण तो कशाचा आहे हे नीट समजून घ्यायला हवं. तो डिस्का मरण्याचा हिशोब आहे. माणसाच्या चुकीचा, सॉफ्टवेअरमधल्या दोषाचा, पासवर्ड चोरीला जाण्याचा किंवा बिल थकल्याचा हिशोब त्यात नाही. आणि ‘टिकणं’ वेगळं, ‘हवं तेव्हा मिळणं’ वेगळं. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याने दुरुस्ती करताना आज्ञा टाइप करण्यात चूक केली आणि व्हर्जिनियातल्या केंद्रात हवे होते त्याहून जास्त सर्व्हर बंद झाले. काही तास असंख्य वेबसाइट ठप्प. त्यातही विनोद असा, की ‘आमची सेवा बंद आहे’ हे सांगणारा कंपनीचा स्वतःचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून होता. त्यामुळे सुरुवातीला तो सगळं ठीक असल्याचंच दाखवत राहिला.

पूर, वादळ, टेप आणि आग

आता जमिनीवरच्या गोष्टींकडे येऊ. २०११ च्या पावसाळ्याअखेर थायलंडमध्ये मोठा पूर आला. जगातल्या हार्ड डिस्कांचा फार मोठा हिस्सा त्या देशात बनतो. बँकॉकच्या उत्तरेकडच्या औद्योगिक वसाहती पाण्यात गेल्या, त्यात वेस्टर्न डिजिटलचा कारखाना होता आणि डिस्कांच्या मोटारी बनवणारे कारखानेही होते. जगभर डिस्कांच्या किमती काही आठवड्यांत कडाडल्या. कॅलिफोर्नियातल्या बॅकब्लेझ या साठवण कंपनीला डिस्का मिळेनात. दुकानांनी एका गिऱ्हाइकाला दोनच असं बंधन घातलं. तेव्हा कंपनीचे कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, मित्र गावोगावच्या दुकानांतून घरगुती वापराच्या डिस्का विकत घेत फिरले आणि वरचं प्लास्टिक फोडून आतली डिस्क सर्व्हरमध्ये बसवत गेले. थायलंडच्या भातखाचरांत पाणी भरलं आणि अमेरिकेतला ‘ढग’ आकसला.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळाने न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला पाणी घुसवलं. तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका उंच इमारतीत पिअर-वन नावाच्या कंपनीचं डेटा सेंटर होतं. जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होता, पण त्याला डिझेल चढवणारा पंप तळघरात होता. तळघर भरलं, पंप मेला. मग कर्मचारी आणि ज्यांच्या वेबसाइट तिथे होत्या ते ग्राहक रांगेत उभे राहिले आणि डिझेलच्या बादल्या हातोहात सतरा मजले वर चढवत राहिले. मुंबईच्या २६ जुलै २००५ चा पाऊस ज्यांनी अनुभवला, त्यांना तळघरातला पंप म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तिसरी गोष्ट आम्हाला फार आवडते. फेब्रुवारी २०११ मध्ये साठवणीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या एका बदलात दोष राहिला आणि काही जीमेल वापरणाऱ्यांना आपली पेटी रिकामी दिसली. प्रमाण ०.०२ टक्के, पण ज्याची पत्रं गेली त्याला ते शंभर टक्केच. पत्रांच्या प्रती अनेक डेटा सेंटरमध्ये होत्या, मग गेल्या कशा? कारण प्रती ठेवणारं सॉफ्टवेअर एकच होतं. चूक सगळीकडे तितक्याच इमानदारीने पोचली. शेवटी पत्रं परत आली ती कुठून? टेपवरून! १९५० च्या दशकातली, रॅमॅकने मागे टाकलेली तीच चुंबकीय टेप. ती कपाटात, कोणत्याही तारेला न जोडलेली, गप्प पडून होती, म्हणून त्या चुकीपासून वाचली.

आणि चौथी गोष्ट आगीची. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात, ऱ्हाईन नदीच्या काठी, ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून गेलं. सुदैवाने कोणी जखमी झालं नाही. पण लाखो वेबसाइट बंद पडल्या. काही ग्राहक म्हणाले, आमच्याकडे प्रत आहे. आणि मग त्यांना कळलं की ती प्रतही त्याच आवारात होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रं ठेवायची म्हणून बनवलेली ‘जी-ड्राइव्ह’ ही साठवण त्यात गेली. ८५८ टेराबाइट. तिची प्रत दुसरीकडे नव्हती. कारण काय सांगितलं गेलं? ती साठवण फार मोठी होती, म्हणून.

तंत्रज्ञानात जगात आघाडीवर असलेला देश, आणि तिथे १९५६ ची एकच पेटी. म्हणून आम्ही सुरुवातीला म्हटलं, हा प्रवास पुरा झालेला नाही.

आपल्या दारातला ढग

मग आपला फोटो कुठे आहे? असे नेमके पत्ते कंपन्या सांगत नाहीत, पण डेटा सेंटर कुठे उगवतात याचे नियम आहेत. वीज लागते, गारवा किंवा पाणी लागतं, आणि जाड केबल लागते. गूगलने २००६ च्या सुमारास ऑरेगन राज्यात द डॅलस या गावी मोठं केंद्र उभारलं, ते कोलंबिया नदीवरच्या जलविद्युतीच्या शेजारी. फेसबुक स्वीडनमध्ये आर्क्टिकजवळच्या लुलेओला गेलं, थंडीसाठी.

आपल्याकडे हे सगळं मुंबईच्या आसपास जमलं. १८७० साली समुद्राखालची तार मुंबईला एडन आणि सुएझमार्गे इंग्लंडशी जोडणारी झाली. आज वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर काचतंतूंच्या केबल वर येतात. बाजार, बँका, शेअर बाजार शेजारी. म्हणून ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे एकेकाळी रसायनांचे आणि यंत्रांचे कारखाने होते, त्या ऐरोली, रबाळे, महापे भागांत आज खिडक्या नसलेल्या, जनरेटरांच्या रांगा लावलेल्या इमारती दिसतात. लोकलमधून जाताना आपण त्यांच्या शेजारून जातो. तो क्लाउड आहे, नुसता बघायचा राहतो. सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे केंद्रं सुरू केली, २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉन मुंबईत आलं, २०१७ मध्ये गूगल. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवायला सांगितली आणि मागणी आणखी वाढली.

मायक्रोसॉफ्टच्या रचनेत पुण्याच्या केंद्राची जोडी लावली आहे ती चेन्नईशी, दीडशे किलोमीटरवरच्या मुंबईशी नाही. का, हे आता आपल्याला कळतं. एकच पाऊस, एकच वीजजाळं दोघांवर एकदम कोसळू नये.

याचं ओझंही आहे. या इमारतींना वीज रात्रंदिवस लागते, थंडावा लागतो आणि डिझेलचा साठा लागतो. आपला प्रत्येक न पुसलेला व्हिडिओ कुठेतरी फिरत्या तबकडीवर वीज खातो. ढग फुकट नाही. बिल फक्त आपल्याला दिसत नाही एवढंच.

जे टिकलं ते कसं टिकलं

शेवटी पुण्यातलीच एक गोष्ट सांगून थांबतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी बाराशेहून अधिक हस्तलिखितं तपासली. काश्मीरची शारदा लिपीतली, केरळची मल्याळम लिपीतली, बंगालची, दक्षिणेची ग्रंथ लिपीतली. ताडपत्र आणि कागद दोन्ही नाशवंत, वाळवी आणि पाऊस सगळीकडे. कुठलीच एक प्रत मजबूत नव्हती. तरी ग्रंथ टिकला, कारण प्रती विखुरलेल्या होत्या. वेगळ्या हवेत, वेगळ्या लिपीत, एकमेकांशी न जोडलेल्या. आणि प्रतींमध्ये फरक पडले म्हणून कोणती ओळ जुनी, कोणती मागाहून घुसलेली, हे तपासायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. गूगलच्या तीन प्रतींमध्येही हाच प्रश्न येतो. एखादी प्रत मागे पडली तर? म्हणून तिथे प्रत्येक तुकड्याला आवृत्तीचा क्रमांक असतो आणि शिळी प्रत ओळखून बाजूला काढतात.

तेव्हा घरी जाऊन काय करायचं? तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. क्लाउडवर फोटो आहेत ना, असू देत, ती एक प्रत झाली. एक डिस्क विकत घ्या, त्यावर उतरवा, तार काढा आणि बहिणीच्या घरी ठेवा. सहा महिन्यांनी उघडून बघा, कारण न उघडलेली प्रत आहे की नाही हे कोणालाच माहीत नसतं. तुमच्या संस्थेत, पतपेढीत, शाळेत, ग्रामपंचायतीत दप्तर संगणकावर गेलं असेल, तर जाऊन एवढंच विचारा : दुसरी प्रत कुठे आहे, आणि ती शेवटची कोणी उघडून पाहिली?

उत्तर देताना समोरच्याने छताकडे हात केला, तर समजा की काम बाकी आहे.